नळी एका घरची, बोल्ट दुसऱ्या घरचा

मी, ऑरिन लाहती, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, कायमचा पत्ता नाही, सध्या मुक्काम वेंडेल मामांचं शिकारीचं खोपट, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे मी राजीखुशीने लिहीत आहे. राजीखुशीने म्हणजे मामांनी कागद पुढ्यात सरकवून, "आधी मृत्युपत्र, मग त्या बंदुकीला हात," असं सांगितल्यावर. उद्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि माझी रायफल माझ्याच तोंडावर फुटणार असं मामांचं मत आहे.

कलम १. माझा तंबू मावसबहीण जून हिला द्यावा. त्याला भोक आहे, ते तिनेच पाडलेलं आहे. मी मध्यंतरी ज्या मालबोटीवर कामाला होतो तिच्या कप्तानाला काहीही देऊ नये. त्याने माझे बूट ठेवून घेतले. चांगले बूट होते, आतून लोकर, बर्फात उभं राहिलं तरी पायांना पत्ता लागत नसे. असो.

कलम २. लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट मामांना, अखंड. अखंड हा शब्द मुद्दाम घातला आहे. या खोपटात ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे पाठीमागचा खालचा घेर, कापतात आणि वर नाव लिहून भिंतीला ठोकतात. आजोबांचं आहे, माझ्या आईचंही आहे. माझं नाही, कारण माझ्याकडे रायफलच नव्हती. मी यायचो, बटाटे सोलायचो आणि हंगाम संपायच्या आत कुठेतरी निघून जायचो. त्या भिंतीवर आपलंही काहीतरी असावं असं यंदा फार वाटलं, म्हणून तर हा सगळा उपद्व्याप. मामांचंही शेपूट तिथे नाही. मामांचा नेम चुकत नाही, असं मामा सांगतात.

कलम ३. रायफल. ती मी शेजारच्या आर्डिसबाईंकडून माझं बोटीचं इंजिन देऊन घेतली. त्यांचे यजमान लाउरी वारल्यापासून ती कपाटात होती. इंजिन थंडीत चालू होत नाही. बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जुनी रायफल कशी बघावी हे मामांनी मला लहानपणापासून ऐकवलं आहे. आधी नळीतून खिडकीकडे बघायचं, आतल्या पिळदार खाचा लख्ख हव्यात. मग नळीचं तोंड, तिथे टवका नको. मग स्क्रू, त्यांच्या खाचा कुरतडलेल्या असल्या तर कोणा उपद्व्यापी माणसाचा हात लागलाय. लाकूड सगळ्यात शेवटी, कारण लाकूड माणसाला भुलवतं. मी लाकूड आधी बघितलं. अक्रोडाचं, त्यात मधासारखे पट्टे. वर बाईंनी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला. तरी बाकीचंही बघितलं, सगळं ठाकठीक. फक्त बोल्टवरचा नंबर बघायचा राहिला. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून दार लावतो तो दांडा. तो ज्या त्या नळीला घासून बसवलेला असतो, दोघांवर नंबर एकच हवा.

मी रायफल घेऊन आल्या आल्या मामांनी बोल्ट उपसला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"नळी एका घरची, बोल्ट दुसऱ्या घरचा. सोयरीक जमलीय की नाही ते काडतूस फुटल्यावर कळेल. नंबर न बघता बंदूक घेणारा या घराण्यात तूच पहिला."

माझ्या पश्चात ही रायफल, तिचा जो भाग सापडेल तो, मामांनी चुलीवर टांगावा.

इथवर लिहून झालं तेव्हा साक्षीदार म्हणून सही करायला आर्डिसबाई आल्या. (मामांना वाटा आहे, त्यामुळे त्यांची साक्ष चालत नाही.) मामांनी त्यांना बोल्टवरून सुनावलं. बाईंनी हातमोजे सावकाश काढले. म्हणाल्या, लाउरीकडे एकसारख्या दोन रायफली होत्या. नातवंडं यायची म्हणून तो दोन्ही बोल्ट काढून पिठाच्या डब्यात लपवायचा.

"मग दुसरी रायफल कुठाय?" मी विचारलं.

"अरे, तुझ्या मामालाच नाही का विकली? ही जून नुकती चालायला लागली होती तेव्हा."

"मग त्यांनी नंबर बघितला असेलच."

मामा चुलीत लाकूड सारू लागले. चूल आधीच भरलेली होती.

"वेंडेल," बाई म्हणाल्या, "तुझी काढ बघू खाली."

काढली. माझ्या नळीचा नंबर मामांच्या बोल्टवर होता. कैक वर्षं मामा परक्या बोल्टने हरणं मारत होते. आम्ही बोल्टांची अदलाबदल केली. मग दोन्ही रायफली आळीपाळीने टायरला बांधल्या आणि झाडामागून चापाला बांधलेली दोरी ओढली. काही फुटलं नाही.

पुरवणी, दुसऱ्या दिवशीची. सकाळी ओढ्याकाठी हरीण आलं. आधी मी चुकलो. मग मामा चुकले. हरणाने आमच्याकडे नीट बघितलं आणि ते चालत गेलं, पळालंसुद्धा नाही. मामांचं म्हणणं, हा बोल्ट त्यांच्या हाताच्या सवयीचा नाही. मी म्हटलं, "मामा, शर्ट." दोन्ही शेपटं आर्डिसबाईंनी कापली, शिवणकामाच्या कात्रीने, अगदी सरळ.

सबब कलम २ मधला 'अखंड' हा शब्द रद्द समजावा. बाकी मजकूर कायम. कायमचा पत्ता आता भरून देत आहे: वेंडेल मामांचं खोपट, चुलीमागची भिंत, आईशेजारचा खिळा. मामा त्याच खिळ्यावर, माझ्या खाली.

सही: ऑरिन लाहती

साक्षीदार:
१. आर्डिस केम्पाइनन (इंजिन चालू होत नाही हे कळलं आहे. बोलू.)
२. क्लॅरेन्स बोडेट, पलीकडचं खोपट (जेवण मिळेल या बोलीवर)

हेमलॉक ओढा, उत्तर मिशिगन
१५ नोव्हेंबर १९८६