नवरदेव आणि बँडवाला

इंदिरानगर, शुक्रवार, डिसेंबर १९९८

दोन दिवस रजेवर काय गेले, नव्या देशमुख मॅडमनी माझा इंग्रजी व्याकरणाचा तास घेतला. वाक्यातला कुठला भाग कॉम्प्लिमेंट आणि कुठला ॲडजंक्ट, हे मी बी.ए.च्या मुलींना तीन आठवडे शिकवत होते. फळ्यावर व्याख्या लिहून दिल्या, पाठ करून घेतल्या. आणि या बाईंनी काय केलं? वर्गात लग्न लावलं!

हरसूलची संगीता आज जिन्यात भेटली. "मॅडम, आता लय सोपं वाटतंय. नवरदेव काढला तर लगीनच लागत नाय, तो कॉम्प्लिमेंट. बँडवाला नसला तरी लगीन लागतं, तो ॲडजंक्ट."

बँडवाला! अकरा वर्षांत मला का नाही सुचला? ढीगभर लग्नं मीही जेवलेय की.

"माझ्या व्याख्येत तेच होतं," मी म्हणाले.

"हो मॅडम, ती पाठ हाय मला."

या मुलीने माझ्या तासाला कधी तोंड उघडलं नव्हतं. जळफळाट झाला, इथे तरी खोटं कशाला लिहू? घरी आल्यापासून तो मेला बँडवाला डोक्यात वाजतोय.

जिन्यात दोन पायऱ्या उतरून संगीता परत वळली होती आणि अगदी मायेने म्हणाली, "मॅडम, सोमवारी बी रजेवर हाय का तुम्ही?"