पाचापैकी दोन

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज दादाला दोन दिले. पाचापैकी दोन.

लिहून टाकलं एकदाचं. आता नीट लिहिते.

सकाळपासून एकशेचाळीस आवाज ऐकून झाले होते. माझं कामच ते. परदेशात नोकरी मागणारे लोक मोबाईलवर मिनिटभर इंग्रजी बोलून पाठवतात. मी इथं पलूसला घरात हेडफोन लावून ऐकते, आणि परक्या माणसाला हे कळेल का, याचे मार्क देते. तीनच्या खाली गेला की अर्ज तिथंच संपला. नाव दिसत नाही, गाव दिसत नाही. नुसता आवाज.

तर एकशेएक्केचाळिसावा आवाज म्हणाला, "गुड मॉर्निंग सर. मायसेल्फ एक्स-हवालदार, सर." मागं म्हैस ओरडली. आमचीच! आणि आई — "आरं कृष्णा, पेंड घातलीस का?" दादा जरासा थांबला आणि "येस सर" म्हणून पुढं चालू! गोठ्यात उभं राहून बोलला असणार, तिथं रेंज चांगली येते.

नियम साधा आहे. ओळखीचा आवाज आला तर 'ओळखीचा' हे बटण दाबायचं. मग तो दुसऱ्या कुणाकडं तरी जातो. बटण समोर होतं. मी दोन दाबलं.

५ फेब्रुवारी

कारण आहे. गेल्याच आठवड्यात प्रियदर्शनी मॅडमनी फोनवर झापलं होतं. आमच्या हेड. मूळच्या साताऱ्याच्या, आता पुण्यात, पण बोलण्यातनं सातारा कळू देतील तर शपथ! "प्रांजल, आपल्याकडच्या लोकांना तू फार सैल सोडतेस. तुला कळतं म्हणजे जगाला कळतं असं नाही. परक्या कानानं ऐक." आणखी एकदा तसं झालं तर काम जाईल. म्हणून घाबरून दिले.

दिवसभर स्वतःला हेच सांगत होते. कारण चांगलं आहे.

८ फेब्रुवारी

खोटं. घाबरून नाही दिले.

लाज वाटली म्हणून दिले. त्या सर-सरची लाज. एका मिनिटात अकरा वेळा सर! "ऑल पीपल वॉज अंडरस्टँडिंग मी, सर." 'ओळखीचा' दाबलं की 'कोण?' असा रकाना उघडतो. तिथं 'भाऊ' लिहायचं माझ्या जिवावर आलं. मॅडम वाचतील, मग ऐकतील, मग म्हणतील, हिचा भाऊ होय हा!

ज्याच्या पगारावर मी सांगलीत राहून एम. ए. इंग्लिश केलं, तो माणूस. बर्फातनं फोन करायचा — "पुस्तकं घेतलीस का गं? सगळी घे." मला लाज वाटायला पाहिजे. वाटतीय की. फक्त मंगळवारी भलत्याच गोष्टीची वाटली.

११ फेब्रुवारी

निकाल आला. दादाच्या मोबाईलवर दोन ओळी. अंकिता वहिनी तो माझ्याकडंच घेऊन आली. "काय लिवलंय वो? बघा की."

वाचून दाखवलं. या वेळी निवड नाही. तीस दिवसांनी पुन्हा बोलून पाठवता येईल.

कतारच्या बंदरावर सुरक्षा सुपरवायझर. रिटायर होऊन आल्यापासून दादानं पहिल्यांदाच काहीतरी जीव लावून मागितलं होतं. साखर कारखान्याच्या गेटवर लागायला तो तयार नाही. "सतरा वर्षं बॉर्डर राखली, आता उसाच्या गाड्या आडवू व्हय?"

आज एवढंच म्हणाला, "माझं इंग्लिश गावठी हाय म्हणत्यात. असंल." आणि भाकरी मोडली. मी पाणी आणायला उठले. तांब्या भरलेलाच होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्वामेचा व्हिडिओ कॉल आला. हा घानाचा. दादा शांतिसेनेतनं दक्षिण सुदानला वर्षभर होता, तेव्हाचा त्याचा दोस्त.

"ब्रदर कृष्णा! हाऊ इज बफेलो?"

"बफेलो फाइन! मिल्क लिटल लिटल!"

वीस मिनिटं दोघं बोलत होते. म्हशीचं, पोरांचं, क्वामेच्या आईच्या गुडघ्याचं. क्वामेचं निम्मं मला कळेना. भराभर बोलतो, मधेच हेल काढतो. दादाला सगळं कळत होतं. नाहीच कळलं तर सरळ म्हणायचा, "से अगेन, ब्रदर." तोही तसंच म्हणायचा. दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मग दादानं फोन माझ्याकडं वळवला. "माय सिस्टर. एम. ए. इंग्लिश!" छाती फुगवून. मी माझं ते व्हिडिओ बघून-बघून कमावलेलं गुळगुळीत इंग्रजी काढलं. क्वामेनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि दादाला विचारलं, "व्हेरी ब्यूटिफुल. लाइक टीव्ही. व्हॉट शी इज सेइंग?"

दादानं माझं इंग्रजी त्याला इंग्रजीत समजावून सांगितलं!

परका कान म्हणे. कुणाचा? बंदरावर नेपाळी असणार, केरळी असणार, फिलिपिनो, आफ्रिकेतले. एकजणही माझ्या डोक्यातल्या गोऱ्या साहेबासारखा बोलणारा नसणार. आणि तो साहेब मी तरी कधी बघितलाय? पलूसमध्ये बसून मी त्याच्या वतीनं लोकांना नापास करत बसते.

१७ फेब्रुवारी

दादाला सांगायलाच पाहिजे.

१८ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी धार काढत होता. म्हटलं, "दादा, ते मार्क आम्ही देतो. तुझे मीच दिले. दोन."

हात थांबला. "तू व्हय?" मग हसला. "पाचात दोन! आमच्या फायरिंगला असं झालं असतं तर सुभेदारानं मैदानाला धा चकरा मारायला लावल्या असत्या." मीही हसले. कसली निर्लज्ज!

मग माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "माझा आवाज वळखला हुतास?"

"नाही," मी म्हणाले.

कसं आलं तोंडातनं? आईची हाकसुद्धा ऐकली होती मी!

"मग ठीक हाय," दादा म्हणाला. "वळखला न्हाईस, तर बराबर केलंस. परक्याला दिलं असतंस त्येच दिलंस. नोकरी इमानानं करावी." आणि दुधाचा हात तसाच माझ्या डोक्यावरनं फिरवला. मी गोठ्यातनं पळाले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

२३ फेब्रुवारी

तेरा मार्चला दादा परत बोलून पाठवणार. रोज सकाळी सराव चाललाय. वहिनीला समोर बसवून तिलाच साहेब करतो. "आवं, मला सर म्हणू नगा, पोरं हसत्यात!" पोरं हसतातच. आईसुद्धा. मी हेडफोन लावून बसते आणि काहीच ऐकत नाही.

ठरवलंय. या वेळी दादाचा आवाज आला तर 'ओळखीचा' दाबीन. रकान्यात 'भाऊ' लिहीन. मॅडमना काय म्हणायचं ते म्हणू देत. दुसऱ्या कुणाकडं गेला तर बरंच. तो दुसरा निदान माझ्यासारखा नसेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमची मेल आली. उद्यापासून आमचं काम बंद. आवाज आता मशीन ऐकणार. आम्ही दिलेल्या मार्कांवरूनच त्याला शिकवलंय. खाली माझ्यासाठी वेगळी ओळ — अभिनंदन प्रांजल, मशीनचा कान सगळ्यात जास्त तुझ्या कानाशी जुळतो.

तेरा मार्चला दादाचा आवाज तेच ऐकणार.