कोळंबीच्या पिल्लांचा भटारी

अब्बा, आज हॅचरीत खाद्याचा नवा डबा फोडला. कोळंबीच्या पिल्लांसाठीची ही तयार पूड पिठाहून बारीक. मोजायची, टाकायची, झालं. वास घेतला आणि तुमची आठवण आली. कुवेतच्या मेसमध्ये शेकड्यांनी माणसं जेवू घातलेला भटारी श्रीवर्धनला परत येऊन शिजवतो कोणासाठी, तर डोळ्यांना धड न दिसणाऱ्या पिल्लांसाठी! अम्मी किती हसायची. तुम्ही मात्र अंडी, दूध पावडर आणि करंदीचा, म्हणजे बारक्या कोळंबीचा, लगदा वाफवून कस्टर्ड करायचात, मलमलीतून गाळायचात आणि स्वतः चाखल्याशिवाय टाकीपाशी न्यायचा नाहीत. मी तेव्हा नुकतीच कामाला लागलेली. तुम्ही टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरायचात. "शेपटीमागं दोरा दिसतोय गो? म्हंजे पोट भरलंय. मंग न्हाय टाकायचं. लाडानं मरतात ही." विष्ठेचा तो दोरा मी आता नव्या मुलींना दाखवते, तेव्हा बोलणं अगदी तुमचंच येतं तोंडात.

आणि ती ईद. सकाळचं खाणं घालून तुम्ही नमाजला गेलात. भांड्यात दुपारचं कस्टर्ड झाकलेलं होतं. मला वाटलं, आज घरोघरी दोनदा वाढतात, मग ह्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय? सगळं ओतलं. दोरा बघितला नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याला घाण वास, आणि अख्खी टाकी मेलेली. हॅचरीचे शेठ ओरडत आले. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझाच हात सैल पडला, शेठ." त्या आठवड्यात डब्यांचं खाद्य आलं आणि तुमच्या हातात टाक्या घासायचा ब्रश. शिजवणं संपलं तुमचं. "आता ब्रश पण चाखून बघता काय?" म्हणून कामगार तुमची थट्टा करायचे, तेव्हा माझा जीव तुटायचा.

तुम्हाला आपलीच चूक वाटत असेल, अशी मी मनाची समजूत घालायचे. छे, खोटं लिहितेय. नमाजहून परतल्यावर रिकामं भांडं तुम्ही उचललंत, आत पाहिलंत, मग माझ्याकडे. तुम्हाला कळलं होतं. तरी मी शेठसमोर गप्प उभी राहिले, नोकरी हवी होती मला. हा कागद अम्मीच्या हाती लागू नये म्हणून हॅचरीतल्या खणात ठेवतेय. तुम्ही अल्लाघरी गेलात, तरी ती अजून म्हणते, "तुझ्या अब्बांचा हात पहिल्यापासून सैल, म्हणून गेलं ते काम." आणि मी अजूनही "व्हय" म्हणते.