पाळीवरच्या तिघींबद्दल आणि माझ्या सहीबद्दल

मी, देवाजी फकिरा कापगते, वय एकोणऐंशी, सेवानिवृत्त शिक्षक आणि इतिहासाच्या अकरा पुस्तकांचा लेखक, राहणार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. संताप आहे; पण तो दहा वर्षांचा मुरलेला आहे, त्याला म्हातारपणाची चिडचिड समजू नये.

१. राहते घर व धानाची बांधी पत्नी आनंदाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलगा हेमराज याच्याकडे. माझ्या लिखाणातला मात्र कागदाचा कपटाही हेमराजला नाही. कारण पुढे देतो.

२. माझ्या सर्वांत जास्त खपलेल्या पुस्तकात तलावाची पाळ फुटल्याची हकीकत आहे. ती मला ढिवर मोहल्ल्यातल्या गिरजाबाईने सांगितली. पाळीला भगदाड पडले तेव्हा गावाचा आणि तलावाचा मालक असलेल्या मालगुजाराचा मुलगा लग्नाच्या पंगतीत बसला होता. मातीच्या टोपल्या घेऊन भगदाडात उतरल्या त्या तीन बाया. गाव वाचले, तिघी गेल्या. त्यातली एक गिरजाबाईची माय. पहिल्या आवृत्तीत मी हे जसेच्या तसे लिहिले. प्राध्यापक मंडळी मला गोष्टीवेल्हाळ म्हणून हसली. लोकांनी मात्र गावोगावी पारायणे केली.

दुसऱ्या आवृत्तीला मालगुजाराच्या नातवाने पैशाचा हात दिला. प्रकाशकाने तिघींना काढून त्या मुलालाच भगदाडात उभे केले. मुद्रिते माझ्याकडे आली. हेमराज म्हणाला, "बाबा, तीन बायांच्या नावानं पुरस्कार भेटत नाही." मी सही केली. पुरस्कार भेटला.

गिरजाबाईची नात मोना तोवर शिकली होती. तिने आजीला ते पान वाचून दाखवले. म्हातारी माझ्या अंगणात आली. बस म्हटले तरी बसली नाही.

"गुरुजी, माह्या मायले दुसऱ्यांदा काहून बुडवलं?"



३. म्हणून सर्व पुस्तकांचे हक्क, वह्या आणि ध्वनिफिती मोना मेश्राम हिला. तिने तो प्रसंग पुन्हा पहिल्यासारखा छापावा आणि खाली मी कोणत्या लोभाने सही केली तेही छापावे. हेमराज दावा लावेल. लावू दे. कोर्टात तरी त्याला नावे उच्चारावी लागतील : सोनी, भागरथी, ठकू.

४. पुरस्काराची शाल माझ्या प्रेतावर घालू नये. प्रकाशकाला शोकसभेत बोलू देऊ नये. तो मला सत्यनिष्ठ म्हणेल, आणि मला उठून त्याची कॉलर धरता येणार नाही.

आज हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले. गिरजाबाईने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "सोनी नाही, गुरुजी. सोमी. सोमवारी जलमली होती माही माय."

पहिल्या आवृत्तीतही मी सोनीच छापले होते. विचारले, "बाई, तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"तवा मले कोणं वाचून दाखवलं होतं?"

कलम ३ मधील 'सोनी' हा शब्द रद्द समजून तेथे 'सोमी' वाचावे. चूक माझी, दुरुस्ती गिरजाबाईची.

ठिकाण : आसगाव
दिनांक : ११ मार्च २०२५

देवाजी फकिरा कापगते (सही)

साक्षीदार :
गिरजाबाई मेश्राम (डाव्या हाताचा अंगठा)
सुगत रामटेके, औषधी दुकानदार (सही)