लंडनच्या बायांची गोष्ट

तेरखेडा,
ता. २ नोव्हेंबर १९५८

ती. अण्णांना विमलचा नमस्कार.

तुमचं सोलापूरचं पत्र मिळालं. वहिनींचा खोकला उतरला, बरं वाटलं. इथं आम्ही दोघं ठीक. ह्यांची शाळा चालू आहे.

फटाका कारखान्याच्या संपाची बातमी तुमच्या गिरणीपर्यंत पोचली, आणि "माझ्या बहिणीनं बायका उभ्या केल्या" असं तुम्ही युनियनमध्ये सांगितलंत. अण्णा, परत सांगू नका.

गोष्ट मी सांगितली, एवढं खरं. तुमच्याकडूनच ऐकलेली, लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या बायकांची. 'आमची तक्रार नाही' अशा कागदावर मालकानं सह्या मागितल्या, त्यांनी दिल्या नाहीत. एकीला काढलं तशा सगळ्या बाहेर पडल्या. इथल्या बायका दुपारी आमच्या ओसरीवर फटाक्यांच्या नळ्या वळत बसतात. त्यांना फार आवडली.

मग कारखान्यात फटाक्याच्या दारूनं त्यांच्यातल्या कोंडाबाईचा हात भाजला. मालक सिद्रामप्पांनी कागद आणला: चूक तिचीच, सगळ्यांनी अंगठे द्या. हरणाबाई म्हणाली, "लंडनच्या बायांनी दिलं न्हाय, आमी बी देत न्हाय." ऐन दिवाळीच्या तोंडावर काम बंद.

त्याच संध्याकाळी सिद्रामप्पा आमच्याकडं आले. चहा घेतला. ह्यांना म्हणाले, "मास्तर, शाळा माझ्या जागेत भरते. विमलबाईंच्या गोष्टी घरातच राहू द्या."

सकाळी बायका दारात. "विमलताई, पुढं काय केलं वो त्या बायांनी? आमी काय करावं?"

मी आतल्या खोलीत होते. ह्यांना सांगायला लावलं, 'ती तुळजापूरला देवीला गेली.' माझ्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या. हरणाबाईनं त्या बघितल्या असणार. एवढंच म्हणाली, "असू द्या. चला गं, आपलं आपुन बघू."

आणि बघितलं त्यांनी. कोंडाबाईला मधे घेऊन फाटकासमोर बसून राहिल्या. उन्हात, उपाशी. दिवाळीचा माल अडला तेव्हा सिद्रामप्पांनी कागद फाडला, कोंडाबाईला कामावर ठेवलं, तिचं औषधपाणी अंगावर घेतलं.

काल हरणाबाई गूळ घेऊन आली. "ताई, देवीचं दर्शन नीट झालं का?" टोमणा नव्हता, अण्णा. मला खोटं पडू द्यायचं नव्हतं तिला.

मी म्हणाले, "झालं."

गिरणीतल्या बायकांपुढं बोलायला तिला बोलवा. मी येणार नाही. तुम्ही मात्र भाऊबीजेला या. ताट तयार ठेवीन. आधी काय बोलायचं ते मला बोला, मग पाटावर बसायचं की नाही ते ठरवा.

तुम्ही सांगितलीत तशी नसलेली, तरी तुमचीच
विमल