अष्टमीला जाणारा जिताडा

प्रिय महिपती,

दोन महिने मी तुझा फोन उचलला नाही, म्हणून तू आदर्शला विचारलंस, बाबांची तब्येत बरी आहे ना. बरी आहे. साखर थोडी वाढली आहे, डावा गुडघा जिना चढताना त्रास देतो, पण कारण ते नाही. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. आता लिहितोय तेही भीत भीत. सातवीनंतर पाकिटावरच्या पत्त्यापलीकडे माझा हात फारसा गेला नाही. शिवाय पाकीट आधी तुझ्या सुनेच्या हाती पडेल, ती फोडेल, ही काळजी आहेच. वैशाली, तू वाचत असशील तर इथेच थांब आणि कागद सासऱ्याकडे दे.

शांतीचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मासळीच्या ओळीतून मी सहसा जात नाही, पण पलीकडचा रस्ता खणून ठेवला होता. मासळी विकणाऱ्या जनीने हाक मारली. "काका, बाय तर गेली. आता तुमच्या अष्टमीच्या दोस्ताला जिताडा कोन धाडनार?" मी म्हटलं, तुझी काहीतरी चूक होतेय, अष्टमी गावातला माझा दोस्त माळकरी आहे. ती एवढी हसली की शेजारच्या पाटीवरची पुतळी कोळीणही हसायला लागली. "माळकरी व्हय? मग एवढी वर्सं जिताड्याचं डोकं काय मांजर खात व्हतं?"

घरी येऊन सूनबाईला, सुरभीला विचारलं. आधी ती भांडी घासत राहिली, मग म्हणाली, "आईंनीच महिपतमामांना तुमच्या सोबत धाडलं व्हतं. जिताडा त्याचाच जायचा. सगळ्यांना माहीत हाय, बाबा." सगळ्यांना म्हणजे मी सोडून.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण आता मला ते पहिल्यापासून पुन्हा बघावं लागतंय. गणपतीच्या कारखान्यात मी मूर्ती घासायचो. अंगभर पांढरी पूड, आणि समोर ओळीने शंभर देव, एकालाही अजून डोळे नाहीत. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, खरा कुठेतरी असेलच की. एका नाथपंथी साधूच्या मागे मी निघून गेलो आणि एकोणीस दिवसांनी परत आलो. आदर्श तेव्हा दोन वर्षांचा, तापाने फणफणलेला. शांती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिने मला समजून घेतलं. महिन्याभराने तू कारखान्याच्या दारात उभा. तू तिच्या माहेरचा, वरसेचा, तिचा मानलेला भाऊ. रोह्याला कंपनीत नोकरी, बिऱ्हाड शेजारच्या अष्टमीला. म्हणालास, "भावोजी, देव शोधायचा तर एकट्याने कशाला? मीपन येतो." मला वाटलं, हा सोबती देवानेच पाठवला. पाठवणारी स्वयंपाकघरात बसली होती.

माळ आपण एकाच दिवशी घातली. आगरी माणसाने मासळी सोडायची म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही. आपण एकमेकांकडे बघून ताटातली भाजी गिळायचो, असं मी समजत होतो. मग उरुसाला दर्गा. नांदेडला गुरुद्वारात आठ दिवस लोकांच्या चपला पुसल्या. पनवेलच्या एका खोलीत टाळ्या वाजवून येशूची गाणी म्हटली. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिरात बसलो, तिथे तू तिसऱ्या दिवशी घोरलास आणि सगळे आपल्याकडे बघायला लागले. प्रत्येक ठिकाणी संध्याकाळी तू टेलिफोनच्या बूथवर जायचास. शिफ्टचं विचारायचंय म्हणायचास. मी बाहेर तुझी पिशवी धरून उभा. आत तू वाण्याच्या नंबरावर शांतीला सांगत होतास, की आज जेवला, आज रडला, अमुक गाडीने आणतो. मनातलं तुला सांगायचो मी, आणि ते माझ्याआधी माझ्या घरी पोचायचं. "देव सापडला तर माझंही नाव सांग, रांगेत उभा राहायला मला सुट्टी नाय," असं तू म्हणायचास तेव्हा मी हसायचो. तू खरं तेच बोलत होतास.

शांतीवर रागवावं तर ती नाही. आणि तिचं काय चुकलं, तिला नवरा घरी परत हवा होता. पण तू राखणीला आला होतास, हे ती गेल्यावर तरी मला सांगायचं होतंस. वर्षभर माझ्याकडे येऊन चहा प्यायलास. मी पोथी काढली की डोळे मिटून बसलास.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगितलेलं नाही. मला कुठेच काही झालं नाही, महिपती. तू विचारायचास, "भावोजी, काय दिसलं का?" आणि मी सांगायचो उजेड दिसला, अंग हलकं झालं. सगळं खोटं. नांदेडहून आल्यावर मी सोडूनच देणार होतो. मग एका शुक्रवारी संध्याकाळी आपण इथल्या इस्रायली, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनेला गेलो. डोक्याला रुमाल बांधून मागच्या बाकावर बसलो. ती भाषा ना तुला कळत होती, ना मला. मी घड्याळ बघत होतो, आणि तू रडत होतास. आवाज नाही, नुसतं पाणी, शर्टाच्या कॉलरपर्यंत. मी काही विचारलं नाही. मनात म्हटलं, याला मिळालं, म्हणजे आहे काहीतरी, मलाही मिळेल. त्यानंतरची बावीस वर्षं मी त्या एका गोष्टीवर काढली. हल्ली मी सारखा तेच उलटसुलट करतोय. ती जागा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथून मी कुठे पळून जाणार होतो? त्या दिवशी शांतीने तुला कशाला पाठवलं असेल? तरी तू रोह्याहून गाडी पकडून आला होतास. म्हणून हे पत्र. ते रडणं कशाचं होतं, एवढंच मला लिही. घरचं काही दुखणं असेल तर तसं लिही, मी समजून घेईन. फोन करू नकोस, फोनवर तू मला हसवतोस आणि विचारायचं राहून जातं. पोस्टकार्ड चालेल, एक ओळ पुरे. पण खरी लिही.

अजून तरी तुझाच,
कान्हू