भाताची म्हण पोपटीला लावली त्याची गोष्ट

मु. खांब, गुरुवार

तीर्थस्वरूप बाबाजीदाजींना महिपतीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तुम्हीही असालच. अक्काच्या गुडघ्याची सूज उतरली का आणि तुमची नवी कवळी बसली का, ते कळवा. (कवळी दुखते म्हणून तुम्ही हल्ली गप्प असता, असं अक्का फार कौतुकाने सांगते.)

पत्रास कारण आपली ती भाताची म्हण. (तीच, एक दाणा चेपून अख्खं पातेलं ओळखायची. पूर्ण लिहीत नाही, घरात तिला बंदी आहे.) रविवारी वडखळचे हैबतराव आमच्या केरूला बघायला आले, सोबत आई धोंडुबाई आणि लेक शांती. म्हटलं, पोह्यांची आठवण कोण ठेवतो, शेतात पोपटी लावू. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मडकं मी स्वतः भरलं. मडक्याभोवती जाळ भडकला, वास सुटला. केरूची आई म्हणाली, अजून जरा थांबा. मी कसला थांबतो! कडेची एक शेंग ओढून खाल्ली, मऊसूत. ती म्हण खणखणीत म्हटली आणि मडकं पाहुण्यांपुढे ओतलं. मधल्या सगळ्या शेंगा करकरीत कच्च्या. धोंडुबाईंनी तोंडात धरलेला दाणा वडखळपर्यंत चघळला असणार.

आता यात म्हणीचा काय दोष? भात उकळताना वरखाली होतो, पोपटीतली शेंग ठेवली तिथेच बसते. म्हण खरी, मडकं चुकीचं. हे मी पाहुण्यांना सविस्तर समजावलं. हैबतरावांनी ऐकून घेतलं आणि उठता उठता म्हणाले, "म्हण चांगली हाय. तुमच्या घराला पण आम्ही तीच लावायची काय?"

केरूचं तेव्हापासून जेवणातलं लक्ष उडालंय. शिफ्टवरून येतो, ताटात बोटं फिरवतो नि उठतो. पोरगी त्याच्या मनात भरली आहे. माझ्या एका शेंगेपायी ती गेली तर मला फार वाईट वाटेल, दाजी.

अक्काला नमस्कार सांगा.
तुमचा मेहुणा,
महिपती

ता. क. हैबतरावांचा निरोप आत्ताच आला. एकाच माणसावरून घर ठरवायचं नाय, दुसरा बघू, म्हणाले. तो दुसरा म्हणजे तुम्ही. रविवारी रामवाडीला येताहेत. जेवायला थांबवा, भात अक्काला रांधू द्या, आणि कवळी तोवर दुखतीच राहू द्या.

ता. क. दुसरा. निरोप्या सांगत होता, हे सगळं शांतीच्या हट्टाने झालं. बापाला म्हणाली, "त्या मडक्यात एक तरी शेंग शिजलेली हाय ना, मला तेवढी पुरे." बघा, मी काढलेली शेंग पोरीने बरोबर लक्षात ठेवली! केरूची आई पदर तोंडाला लावून का हसते आहे, कळत नाही. केरूने मात्र आज दोनदा भात मागून घेतला.